कॅलेंडरवरचा ऊस

मार्केट यार्डातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

संक्रांतीच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आमची धावपळ. तिळाची चिक्की आणि वड्या करून आम्ही विकतो. त्यासाठी गूळ घ्यायला भुसार बाजारात जातो. दौंड, केडगाव, कराड, सगळीकडचा गूळ तिथं येतो. चिक्कीचा गूळ वेगळा, वडीचा वेगळा, आणि भाव रोजचा वेगळा. यंदा आम्ही दोघी-तिघी एका गाळ्यावर ढेप फोडून चव बघत होतो. गाळ्यात भिंतीवर एका सहल कंपनीचं कॅलेंडर होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, खुर्चीत बसलेलं नवं जोडपं, खाली लिहिलेलं: मॉरिशस. आमच्या बरोबरच्या मावशी ते टक लावून बघत होत्या. आम्हाला वाटलं, समुद्र बघतायत. त्या म्हणाल्या, "ते मागं डोंगराखाली हिरवं आहे ना, तो ऊस आहे."

मावशी मूळच्या बीडकडच्या. चौदा हंगाम त्यांनी ऊस तोडला, मग पुण्यात आल्या. आता धान्य पाखडायच्या कामाला जातात. कॅलेंडरवर बोटाएवढी हिरवी पट्टी होती ती, पण ऊस ओळखायला त्यांना एवढं पुरतं. आणि त्यांचं खरं होतं. मॉरिशसला समुद्र सोडून जरा आत गेलं की नुसता ऊस आहे. मग त्यांनी विचारलं, "एवढा ऊस तोडतं कोण तिथं?"

बैठकीत हा प्रश्न पुन्हा निघाला. आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून उत्तर शोधायचं काम तिच्या गळ्यात पडलं. जे हाती लागलं ते आम्ही सगळ्यांनी मिळून दोन बैठकांत वाचलं, आणि आज तुम्हाला सांगतोय.

आधी बेट कुठं आहे ते. आमच्यात बऱ्याच जणींना ते वेस्ट इंडीजच्या बाजूला वाटत होतं, क्रिकेटवाल्या बेटांजवळ. तसं नाही. मॉरिशस आपल्याच हिंदी महासागरात आहे, खाली आफ्रिकेच्या अंगाला, मादागास्करच्या पूर्वेला. पण चूक अगदीच चूक म्हणता येत नाही, कारण गोष्ट दोन्हीकडची एकच आहे. कोलंबसानं १४९३ साली दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला आणि पुढं त्या बेटांचं नशीब उसाला बांधलं गेलं. मॉरिशसमध्ये डच लोकांनी १६३९ च्या सुमारास जावा बेटावरून ऊस आणला. दोन्हीकडे तोडायला गुलाम आणले, आणि गुलामी गेल्यावर दोन्हीकडे आपली माणसं गेली. रोहन कन्हाय, ज्यांच्या नावावरून गावसकरांनी आपल्या मुलाचं नाव ठेवलं, ते अशाच ऊसतोड्यांच्या वंशातले. ते गयानाचे. पण आमचा विषय मॉरिशस, कारण तिथं मराठी माणसं गेली.

बेट आपल्या पुणे जिल्ह्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. मूळचे रहिवासी कोणीच नाहीत. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा तिथं माणूस नव्हता, डोडो नावाचा न उडणारा पक्षी होता. शंभर वर्षांच्या आत तो संपला. डच लोकांचं बस्तान नीट बसलं नाही, १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं, पोर्ट लुई हे बंदर उभारलं, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकलं. जमिनी आणि कारखाने मात्र फ्रेंच मालकांकडेच राहिले, म्हणून तिथं आजही इंग्रजीपेक्षा फ्रेंच आणि क्रिओल जास्त ऐकू येते.

१ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामी कायद्यानं संपली. साठ हजारांवर माणसं मोकळी झाली. सरकारनं नुकसानभरपाई दिली, सुमारे वीस लाख पौंड. कोणाला? मालकांना. गुलाम गेले म्हणून त्यांचं नुकसान झालं ना! ज्यांनी राबून पाठी मोडल्या त्यांना पैसुद्धा नाही. आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा कोणीतरी दोनदा विचारलं, नीट वाचलंस ना? नीटच वाचलं होतं.

आता ऊस तोडायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. इंग्रजांनी या प्रकाराला 'महान प्रयोग' म्हटलं. प्रयोग असा की गुलाम नको, कराराचा मजूर चालतो का ते बघायचं. चालला. पुढं तोच नमुना त्रिनिदाद, गयाना, फिजी, नाताळ, सगळीकडे गेला. एकट्या मॉरिशसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं गेली. सगळ्यात जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सगळ्यात कमी आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत बरेच जण रत्नागिरी जिल्ह्यातले. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग त्याच जिल्ह्यात होता. कोकणातली जमीन थोडी, खाणारी तोंडं फार, आणि मुंबईला जायची सवय होतीच. बंदरावर दलाल भेटायचा, म्हणायचा, याच्याही पुढं एक जागा आहे.

करार पाच वर्षांचा. त्याला 'अॅग्रीमेंट' म्हणत, त्याचा अपभ्रंश 'गिरमिट', आणि जाणारे 'गिरमिटिये'. पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा. काही पगार आगाऊ हातावर ठेवत. आणि एक नियम होता, 'डबल कट'. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी असलात तरी.

हे वाचल्यावर मावशी हसल्या. म्हणाल्या, "याला आम्ही खाडा म्हणतो."

मैत्रिणींनो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. दोघं मिळून एक 'कोयता'. दिवाळीच्या आधी मुकादम त्यांना 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती फेडायला पाच-सहा महिने फडात राहायचं. एक दिवस खाडा झाला तर दंड, आणि दंडाचा आकडा दिवसभराच्या कमाईहून मोठा असू शकतो. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही जायचं. मावशींना विचारलं, उचल कोणाच्या नावावर असायची? म्हणाल्या, मालकांच्या. मालक म्हणजे नवरा. आणि तुमचं नाव कुठं? म्हणाल्या, "आमचं कशाला असंल? कोयता एकच असतो."

चौदा हंगाम त्यांनी ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडीत भरल्या, आणि कुठल्याही वहीत त्यांचं नाव नाही.

मॉरिशसची गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, की तिथं प्रत्येकाचं नाव आहे. पोर्ट लुई बंदरावर एक ठाणं होतं. त्याला आता 'आप्रवासी घाट' म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. जहाजातून उतरलेली माणसं तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर यायची. वर कारकून बसलेला. तो प्रत्येकाला एक नंबर द्यायचा आणि रजिस्टरात लिहायचा: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा, अंगावरच्या खुणा. बायकांचीही अशीच नोंद. पुढं १८६० च्या दशकात तिकिटावर फोटो आले. हे प्रेमानं नव्हतं केलेलं. मजूर पळाला तर पकडता यावा म्हणून. तिकीट जवळ नसलेल्याला भटका ठरवून तुरुंगात टाकायचा कायदाच होता. पण पकडण्यासाठी केलेली ती रजिस्टरं आज मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत, आणि त्याच मजुरांची पणतवंडं तिथं जाऊन आपल्या पणजीचं गाव शोधतात. इंग्रजी कारकुनानं कानावर पडेल तसं गावाचं नाव लिहिलेलं. मग बसायचं ओळखत.

आडनावांचंही तसंच झालं. कोकणातून गेलेल्या माणसाचं किंवा त्याच्या बापाचं नाव पुढं घराण्याचं आडनाव झालं. भिवाजी, रामजी ही तिथं आडनावं आहेत.

सगळे कायमचे अडकले असं मात्र नाही, आणि हा भाग आमच्या गटाला सगळ्यात जास्त आवडला. १८७१ मध्ये मजुरांच्या तक्रारींचा मोठा अर्ज झाला, विलायतेहून चौकशी आयोग आला, थोडे नियम सैल झाले. त्याच सुमारास साखरेचे भाव पडायला लागले. मालकांना पैसा हवा होता, म्हणून त्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. विकत कोणी घेतल्या? करार संपलेल्या मजुरांनी. पाच रुपये पगारातून, भाजी आणि दूध विकून, गाय पाळून, अंगावरचं चांदीचं मोडून. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत बेटावरच्या उसाच्या जमिनीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हिंदी लोकांकडे आली होती. १९१३ मध्ये तिथं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तोही आपल्याकडच्या १९०४ च्या कायद्यावरून. हिंदुस्थानातला एक इंग्रज अधिकारी त्यासाठी मुद्दाम नेला होता. सावकाराच्या व्याजातून सुटायला दहा-वीस शेतकरी एकत्र येऊन पैसे साठवायचे. यात आम्हाला नवल वाटायचं काही नव्हतं. फक्त तो पैसा पुरुषांच्या नावावर होता.

आणि आणखी एक शब्द आमच्या ओळखीचा निघाला: 'बैठका'. मळ्यावरच्या वस्तीत एक झोपडी असायची, तिला बैठका म्हणत. संध्याकाळी लोक जमायचे, पोथी वाचायचे, मुलांना अक्षरं शिकवायचे. वर्षानुवर्षं मताचा हक्क फक्त पैसेवाल्यांना होता. १९४८ च्या निवडणुकीला नियम बदलला. बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एकीत साधं वाक्य वाचता-लिहिता आलं, सही करता आली, की मत. बायकांनाही. मग बैठकांमधून रात्री कंदील लावून मोठ्या माणसांना सही शिकवायची मोहीम निघाली. आमच्या गटात सुरुवातीला नऊ जणी अंगठा देत होत्या. पहिली सही करायला किती दिवस लागतात आणि त्या दिवशी घरी कसं जातात, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

पण त्याच्या आधीचं एक नाव सांगायलाच हवं. अंजलाय कूपेन. बेल व्ह्यू हारेल नावाच्या मळ्यावर १९४३ मध्ये पगारवाढीसाठी संप झाला. २७ सप्टेंबरला पोलिसांनी गोळी चालवली. मेलेल्यांत अंजलाय होती, तमिळ वंशाची, मळ्यात राबणारी, आणि पोटुशी. आज तिच्या नावाचं क्रीडांगण त्याच भागात आहे. बायकांना संपात पुढं काढू नका असं म्हणणारे तेव्हाही असतील. ती स्वतःच पुढं होती.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. तेव्हा निर्यातीतले नव्वद टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या साखरेचे. मोठमोठे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, या बेटाचं काही खरं नाही. पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये निर्यातीच्या मालाच्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, कपडे शिवायचे कारखाने निघाले आणि त्यांत हजारोंनी बायका लागल्या. कित्येकींच्या आया ऊस तोडणाऱ्या. सुरुवातीला किमान मजुरी ठरवताना बायकांची पुरुषांपेक्षा कमी ठेवली होती, म्हणूनच तर त्या हव्या होत्या. तरी पगार स्वतःच्या हातात यायचा. साखरेला युरोपात १९७५ पासून बांधून दिलेला चढा भाव मिळत होता, त्यावर देशानं शाळा आणि दवाखाने चालवले. २००६ नंतर तो भाव उतरवत नेला, २००९ मध्ये करारच संपला. कपड्यांचे कारखानेही स्वस्त मजुरीच्या देशांकडे सरकले. मग उरला समुद्र.

पर्यटकांचं सांगायचं तर १९७० च्या सुमाराला वर्षाला वीस-पंचवीस हजार लोक यायचे. २०१९ मध्ये सुमारे चौदा लाख आले, म्हणजे बेटावर राहणाऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त. किनारपट्टीची बरीच जमीन सरकारी आहे, ती भाडेपट्ट्यानं हॉटेलांना दिली जाते. वाळू सगळ्यांची असा कायदा आहे, पण हॉटेलच्या कुंपणावरून तिथवर पोचायचं कसं, यावर तिथं भांडणं होतात. तरी रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर घरची मंडळी पातेली घेऊन येतात, झाडाखाली चटई टाकतात, आणि दिवस घालवतात. सहल कंपनीच्या कॅलेंडरवर ती पातेली नसतात.

मराठी मंडळी तिथं शंभरात एखाद-दोनच. घरात बोलायची भाषा क्रिओल. मराठी आता शाळेत आणि महात्मा गांधी संस्थेत शिकायची भाषा झाली आहे. सरकारी रेडिओवर मराठी कार्यक्रम असतो, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं, आपण रेडिओवाल्याच ना. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथला पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात भिवाजी घराण्यानं बसवला असं सांगतात. आज कास्कावेलसारख्या गावांतून मिरवणुका निघतात आणि 'झाकरी' नाचतात. कोकणातल्या मैत्रिणी लगेच ओळखतील, ती आपली जाखडी, बाल्यांचा नाच. लग्नाआधी गोंधळही घालतात. आपल्याकडे पुण्यात गोंधळ्याला शोधावं लागतं. २०२३ मध्ये मोकाला शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

आणि खाणं! रस्त्यावर तिथं 'दाल पुरी' मिळते. वाटलेली डाळ भरून लाटलेली मऊ पोळी, आत रस्सा आणि चटणी, आणि विकायची जोडीनं, एकटी नाही. आमच्यात लगेच वाद झाला की ही पुरणपोळीची बहीण की वेगळीच. वाद मिटला नाही. बिहारच्या बायकांनी नेली हे बहुतेक खरं. त्यांच्या लग्नातली गाणी, 'गीत-गवाई', २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. त्याच्या दोन वर्षं आधी गुलामांच्या वंशजांचा 'सेगा' नाच गेला. म्हणजे ज्यांना आणलं तेव्हा फक्त हात हवे होते, त्यांच्या गाण्यांवर आज पाहुणे टाळ्या वाजवतात, हॉटेलात, जेवणाच्या वेळी.

कोरोनात बेट बंद झालं. मार्च २०२० पासून पाहुणा नाही. हॉटेलांतल्या बायका घरी बसल्या. आणि त्यातच २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं मोठं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या खडकावर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. निळं पाणी काळं झालं. सरकारी मदत पुरेशी नव्हती. मग हजारो लोक आपणहून किनाऱ्यावर गेले. त्यांनी काय केलं असेल? उसाचं पाचट गोळा केलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासून भरलं, तोंडं शिवली, आणि पाण्यावर तरंगत ठेवून तेल अडवलं. बायकांनी डोक्याचे केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. शिवणकाम तर त्यांचं पिढीजात झालेलं, पाचट त्याहून जुनं.

हे आम्ही दुसऱ्या बैठकीत वाचलं. त्या दिवशी आमच्या इतिवृत्ताच्या वहीत एक जास्तीचं पान झालं. मावशींनी सांगितलं तसं आम्ही लिहिलं: कोणत्या वर्षी कोणत्या भागात फड, कोणत्या हंगामात लेक झाली, कोणत्या हंगामात किती खाडे. वर्षं त्यांना आकड्यांनी आठवत नाहीत, कोण जन्मलं आणि कोण गेलं यावरून आठवतात. दोन हंगाम काही केल्या जुळले नाहीत, ते कोरे ठेवलेत. खाली त्यांनी सही केली.

मग मोबाइलवर ते किनाऱ्यावरचे फोटो सगळ्यांना दाखवले. पांढऱ्या पिशव्यांची लांब रांग, चिखलात उभ्या बायका. मावशींनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "पाचटानं हात चिरतात गं. हातमोजे होते का त्यांना?"

काहींच्या हातात होते. काहींचे हात कोपरापर्यंत काळे होते.